गॅरेजमधली मोरी

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार
आजपासून गॅरेजला गॅरेज म्हणायचं नाही. बाळंतिणीची खोली म्हणायचं. नेरूळला हे रो-हाउस घेतलं तेव्हापासून त्यात गाडी काही उभी राहिली नाही. मोडकं कपाट आणि मी, दोघेच तिथे बसतो.

प्राचीला डॉक्टरनी जिना बंद सांगितलाय. आमची मोरी माडीवर. विहीणबाई म्हणाल्या, मग इथे ठाण्यालाच राहू दे, आमचं सगळं तळमजल्यावर आहे. पहिलं बाळंतपण आणि सासरी? माझ्या लेकीचं? फोनवरच सांगून टाकलं, नाताळच्या आत खाली मोरी तयार. घरातून गॅरेजला पाणी न्यायचं, सांडपाणी आणून घराच्या चेंबरला सोडायचं. मधे अंगण तेवढं. घोडं अडतं कुठे?

जयमाला म्हणाली, बाजारात तुरी. आधी प्लंबरला तरी विचारायचं होतंत. बायकोमाणसाला प्लॅनिंगची सवय नसते.

२० नोव्हेंबर
गोटीराम प्लंबर येऊन गेला. इथल्या गावठाणातलाच. लाख माणूस. काहीही सांगा, म्हणतो, व्हईल काका, कायपन व्हईल. असा उत्साह आजकाल दिसत नाही.

वास्तूचं पुस्तक पूर्ण वाचलंय. पाण्याचा निचरा ईशान्येला हवा. आपलं चेंबर गॅरेजच्या नेमकं ईशान्येला. याला म्हणतात योग. होकायंत्र घेऊन अंगणभर फिरलो. जयमाला ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, ईशान्य असेल हो, पण तिकडे चढ आहे. गॅरेज रस्त्याकडे, खाली आहे. तिला समजावलं की शास्त्रात चढ धरत नाहीत, दिशा धरतात. गोटीराम म्हणाला, काका बोलतान तेच बरोबर हाय.

२८ नोव्हेंबर
अंगण खणून झालं. तुळस सरकवली. अळू गेला. जयमाला सकाळपासून बोलत नाही, म्हणजे काम शिस्तीत चाललंय.

बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या विमलबाईला आगाऊ सांगून ठेवलं. डिंक आणला. शेगडी आणली. बाज आणली. मोरी सोडली तर सगळं तयार.

७ डिसेंबर, सकाळी
खालच्या नळाला पाणी आलं. नारळ फोडला. धार अशी जोरदार की माडीवरचा नळ पार बंद. जयमाला वर तोंडाला साबण लावून उभी होती. तिथून ती जे बोलली ते लिहीत नाही.

संध्याकाळी
मोरीत पहिली बादली ओतली. पाणी गेलं. माझे डोळे भरून आले. मग ते परत आलं. एकटं नाही आलं, घरातल्या भांड्यांचं पाणीही सोबत घेऊन आलं. शितं ओळखीची निघाली. दुपारची खिचडी.

गोटीरामला विचारलं. म्हणाला, पानी वर कसं चढंल, काका? मग आधी का नाही बोललास? तर म्हणतो, तुमी पुस्तक दाखवलंत ना.

८ डिसेंबर
रात्रभर विचार केला. पाणी वर चढत नसेल तर मोरीनेच वर चढावं. ओटा बांधून मोरी उंच करायची, उतार आपसूक मिळतो. गोटीराम म्हणाला, व्हईल काका. इतकं सोपं होतं. माणूस उगाच हबकतो.

२२ डिसेंबर, रविवार
ओटा झाला. पाणी खळखळ जातं आणि तिकडेच राहतं. मोरी माझ्या छातीपर्यंत आली, म्हणून पायऱ्या बांधल्या. वर लाल कोबा घोटून घेतला. तोंड दिसावं असा.

दुपारी जावईबापू आशुतोष प्राचीला मोरी दाखवायला घेऊन आले. पोर फार जडावलीय. पायऱ्यांपाशी उभी राहिली. पोटावर हात ठेवून बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, बाबा, घरातल्या जिन्याला निदान कठडा आहे.

आशुतोष भला माणूस, छपराचे पत्रे बघत राहिला. मी नळ सोडून दाखवला. ती म्हणाली, छान येतंय पाणी. निघताना माझ्या खांद्याला डोकं टेकवलं, म्हणाली, ठाण्याहून फोन करीन.

रिक्षा वळेपर्यंत उभा होतो. जयमालाने मला आत नेलं. आज ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

उद्या कठडा बसवून घेतो.

११ जानेवारी १९९७
मुलगी झाली. ठाण्याला. दोघी सुखरूप.

नात कधीतरी इथे न्हायला येईलच, म्हणून लगेच कठड्याचं माप घ्यायला ओट्यावर चढलो. कोबा खरंच फार चांगला घोटलाय.

१२ जानेवारी
घोटा मुरगळलाय, कंबर धरलीय. डॉक्टरनी जिना बंद सांगितलाय.

२ फेब्रुवारी, रविवार
मुक्काम बाळंतिणीच्या खोलीत. बाजेवरून मोरी समोर दिसते, पोचता येत नाही. जयमाला घरातून कढत पाण्याची बादली आणते, अंग पुसून देते, उरलेलं पाणी अळवाच्या जागी ओतते. अळू पुन्हा फुटलाय म्हणे.

सांगून ठेवलेल्या विमलबाईला रिकामी कशी पाठवायची, म्हणून जयमालाने माझा पाय पुढे केला. आठवडाभर रोज येते. तेल, शेगडी, ओव्याची धुरी, वर डिंकाचा लाडू. बाईचा हात लोखंडाचा आहे.

आत्ता घरात फोन वाजला. जयमाला बाजारात, विमलबाईने घेतला. प्राचीच असणार. महिनाभराने येईन म्हणत असेल, तिला जिना आता चालतो. अंगणापलीकडून विमलबाईचा आवाज येतोय. सांगतेय, न्हाणं झालं, शेक दिला. सकाळी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आता अंगाला तेल लागलंय, पोट भरलंय, झोप येईल.

मला येतेच आहे.