घरच्या वाफ्याचं मीठ

३ फेब्रुवारी १९२८

आलो बुवा एकदाचा! भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रेवस, आणि तिथून भरती साधून मचव्यानं खाडीत वर. मचव्यात एका म्हातारीनं आपली कोंबड्यांची पाटी खुशाल माझ्या मांडीवर ठेवली आणि झोपून गेली. सरकारी कारकुनाचा रुबाब तिथेच संपला.

ठाण्याच्या कचेरीत सगळ्यांनी भिववून सोडलं होतं, की मिठागरावरची बदली म्हणजे काळं पाणी. इथे पाहावं तर सगळं पांढरंशुभ्र! नजर पोचेल तिथवर मिठाचे वाफे, मध्ये चिखलाचे बांध आणि बांधावर माझा दोन खोल्यांचा बंगला. ‘बंगला’ हा खात्याचा शब्द. वारा मात्र असा, की दुपारी पंख्याची आठवण होऊ नये.

मिठागराचे मालक गुणाजी शेट स्वतः धक्क्यावर घ्यायला आले होते. धिप्पाड, हसरा माणूस. बायको वारलेली, पोटी मूल नाही. त्यांच्या घरी स्वयंपाकाला कृष्णाबाई म्हणून एक विधवा आहे, तीच माझंही दोन वेळचं करून देणार. पहिल्याच ताटात जिताडा मासा! मी कायस्थाचा मुलगा. मला जिंकायला एवढं पुरे.

अडचण एकच, गोड्या पाण्याची. विहीर गावापलीकडे. पाणी कावडीनं येतं आणि शेटच्या पडवीतल्या रांजणात भरून ठेवतात. जपून वापरा, असं कृष्णाबाईनं जाताना बजावलं.

११ फेब्रुवारी

काम अंगवळणी पडलं. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हानं आटवायचं, पिकलेलं मीठ फळीनं ओढून काठाला रास घालायची. इथे मीठ ‘पिकतं’, भातासारखं. संध्याकाळी मी लाकडी छाप घेऊन फिरतो आणि प्रत्येक राशीवर चारही बाजूंनी सरकारी शिक्का उमटवतो. चोरट्यानं मूठभर जरी उचललं तरी छाप मोडतो आणि सकाळी चोरी कळते. मला हा खेळ फार आवडला. पांढऱ्या राशीवर शिक्का काय सुरेख उठतो!

गुणाजी शेटनी टोपलीभर मीठ भेट धाडलं. बारीक, दुधासारखं. म्हणाले, हे विकायचं नाही, घरच्या वाफ्याचं आहे. आमच्या कोठारातलं, खास माणसांसाठी. इथले पोलीसपाटील मोरू पाटील हेच मीठ खातात म्हणे. आज आमटीला तेच घातलं. चव खरंच निराळी. दोन घास जास्तच गेले.

२२ फेब्रुवारी

टपालानं एक नसतं काम गळ्यात घातलं. गुणाजी शेटच्या मयत भावाच्या दोन मुली, ठमी आणि राही. त्यांची आई गोदू. नवरा गेल्यावर तिनं पलीकडच्या गावात पाट लावला, तेव्हा कोर्टानं दोन्ही मुली काकाच्या स्वाधीन केल्या. दुसऱ्या घरात गेलेल्या आईपेक्षा चुलता बरा, असं साहेबांचं मत पडलं. गेल्या उन्हाळ्यात थोरली ठमी वारली. सात वर्षांची होती. मोरू पाटलांनी पंचनाम्यात लिहिलं, की मुलीनं खोडीपायी मीठ खाल्लं. आता चार वर्षांच्या राहीसाठी गोदूनं पुन्हा अर्ज केला आहे, आणि मुलीचे हाल होतात की काय हे एखाद्या तिऱ्हाईत सरकारी माणसानं पाहून कळवावं, असा हुकूम आहे. तिऱ्हाईत म्हणजे मी!

दुपारी गोदू स्वतःच आली. सावलीत ये म्हटलं तर येईना. उन्हातच उभी राहून म्हणाली, “सायेब, पोरीला बगा, पन त्याच्या घरी जेवू नका. मीठ खाल्लं का तोंड बांदलं. मोरू पाटलाचं बांदलं तसंच.”

इथल्या लोकांची ही समजूतच आहे. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याविरुद्ध जीभ उचलायची नाही. उचलली तर आगरात मीठ पिकत नाही. मी हसलो. म्हटलं, बाई, ते तर मी केव्हाच खाल्लंय. तिचा चेहरा एकदम पडला. मला जरा वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी

शेटकडे जाऊन आलो. बेत काय सांगावा! जिताड्याचं कालवण, तळलेली तुकडी, तांदळाची भाकरी. राहीला दारात आणून उभी केली. नवा परकर, लांब बाह्यांचं पोलकं, डोक्याला चपचपीत तेल. काकाकडे बरं वाटतं ना, असं विचारलं. पोर पडवीतल्या रांजणाकडे पाहत राहिली. ओठ फुटलेले होते. खारा वारा, इथे सगळ्यांचेच फुटतात. लाजाळू आहे, शेट म्हणाले.

घरी येऊन अहवाल लिहिला : मुलगी नीटनेटकी, सुखरूप, चुलता मायाळू. ज्याच्या ताटात जेवलो त्याच्यावर भलता संशय कसा घ्यायचा? काही रीतभात आहे की नाही!

१३ मार्च

निकाल आला. राही काकाकडेच राहील.

गोदू आली. रडेल, ओरडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिनं माझ्या उंबऱ्यावर मूठभर मीठ ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “माजी ठमी पानी मागत गेली. तिचं मीठ ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्यांची तहान आता तिनंच भागवायची.” आणि गेली.

बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कृष्णाबाईनं ते मीठ झाडून टाकलं, पण हातानं शिवली नाही. दिवसभर घसा कोरडा. कालवण खारट झालं असावं.

२१ मार्च

मोरू पाटील वारले. भर दुपारी विहिरीच्या काठावर सापडले. पोहरा हातात, पोट पाण्यानं टम्म, आणि जीभ वाळून पांढरी पडलेली. जिभेवर मिठाचा थर होता. पाणी पीत पीत तहानेनं मेला, असं माणसं बोलत होती. मी त्यांना गप्प केलं.

मीही आज घरचा माठ अर्धा केला. तहान जात नाही. पाणी घशाखाली उतरेपर्यंत गोड, मग खारट.

२५ मार्च

चोरी. म्हणजे चोरी नव्हे. घरच्या वाफ्यावरच्या राशीचा छाप मोडला आहे, पण मीठ कमी नाही. मी वाकून पाहिलं. शिक्क्याच्या मधोमध एक हात उमटलाय, लहान मुलाचा, पाची बोटं पसरलेली. बाहेरून दाबला तर खड्डा पडायला हवा. हा हात वर आलेला आहे. आतून.

छाप पुन्हा मारला. मी तिथे उभा असतानाच तो हात परत उठला.

२९ मार्च

भर दुपारी तिला पाहिलं. वाफ्यात मिठाची साय धरली होती. कोंबडी चालली तरी ती साय फुटते. त्यावरून एक मुलगी चालत आली आणि सायीला तडा गेला नाही. काठाशी थांबली. दोन्ही हातांची ओंजळ माझ्यापुढे धरली. ओंजळीत मीठ होतं. तोंड मिठानं गच्च भरलेलं, ओठ मिटत नव्हते.

धावत घरी आलो. कृष्णाबाई माठाला तोंड लावून पीत बसली होती. मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात ठमीनं न विचारता रांजणातलं पाणी घेतलं, तहानलेल्या धाकटीसाठी. गुणाजीनं तिला कोठारात कोंडलं. पोर पाणी पाणी करत राहिली. सगळ्या आळीनं ऐकलं, कृष्णाबाईनंही. कडी कोणी काढली नाही; सगळेच गुणाजीचं मीठ खाणारे. दुसऱ्या दिवशीही आवाज थांबेना, तेव्हा त्यानं आत जाऊन मुठीमुठीनं मीठ तिच्या तोंडात कोंबलं. तिच्या अंगाखालचं ते मीठ त्यानं फेकलं नाही. टोपल्यांत भरलं. खास माणसांसाठी.

माझ्या आमटीत. दोन घास जास्त गेले होते मला!

राहीबद्दल विचारलं. तीही परवापासून दिसली नाही, असं म्हणाली. कोठाराला कडी आहे.

३० मार्च

दुपारी फावडं घेऊन गेलो. वाटेत विहिरीवर अख्खा गाव, सगळे पाणी पिताहेत, कोणी कोणाशी बोलत नाही. मला कोणी अडवलं नाही.

कोठाराचं दार उघडंच होतं. गुणाजी मिठाच्या राशीत गळ्यापर्यंत पुरलेला, जिवंत. समोर राही बसलेली, दंडांवर काळेनिळे वळ, आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होती. सावकाश, पोटभर. तिच्या केसांवरून एक पांढरा हात फिरत होता.

गुणाजीनं पाणी मागितलं. मला साहेब म्हणाला, दादा म्हणाला, पाया पडतो म्हणाला. मीठ दाण्यादाण्यानं त्याच्या हनुवटीवर चढत होतं. माझ्या हातात फावडं होतं. मी ते भिंतीला टेकवून ठेवलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. मीठ ओठांशी आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, खा, घरच्या वाफ्याचं आहे.

राहीला उचलून बाहेर आलो. बांधावर गोदू उभी होती. पोर तिच्या गळ्यात पडली. गोदूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता कोणत्याही कोर्टानं मागितली तरी ती पोर द्यायची नाही.

१ एप्रिल

कृष्णाबाई सकाळी गेली. माठाशीच.

कोर्टाला सगळं खरं लिहून मचव्यानं धाडलं. कोंडणं, मीठ, वळ, सगळं. आता तरी ही तहान उतरेल— पाणी पितो, ते मीठ होऊन घामातून निघतं. पापण्या मिटल्या की चिकटतात.

मी पोरीला बाहेर काढली ना. मग माझ्यावर राग कशाला—

३ एप्रिल

दारात उभी आहे. भर उन्हात. सावली नाही पडत तिची.

म्हटलं, ठमे, मी खरं लिहिलं. मान हलवते. नाही म्हणते. वहीकडे बोट दाखवते, पानं मागे उलटायला लावते. २६ फेब्रुवारी. तिथे बोट ठेवून उभी— पानावर मीठ सांडतंय—

काय राहिलं त्यात? ओठ लिहिले. पोलकं लिहिलं—

बोट हलत नाही.

३ एप्रिल, अजून

माठ रिकामा. जीभ फिरत नाही, हात चालतो अजून. उंबऱ्याच्या आत आली. ओंजळ भरलेली—

बरं. लिहितो. तेवढंच राहिलंय, ते लिहितो—

राही दारात उभी होती तेव्हा तिनं हात वर केला. रांजणाकडे. बाही कोपरापर्यंत सरकली. वळ दिसले. ताजे. मी पाहिले. पोरीनं पाहिलं, की मी पाहिले. माझ्याकडेच बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून—

आणि मी बोललो. ताट पुढे केलं आणि म्हणालो, कृष्णाबाई, आणखी एक तुकडी वा—