ताटाच्या बुडावरचे बारा शब्द

४ डिसेंबर
आणि मी काय म्हणलो होतो? देवाजवळ कागद ठेवू नको. समईचं तेल सांडलं त्याच्यावर, अर्धे शब्द गेले. आई फोनवर उलट मलाच, "लक्ष्मी हाय ना ती? मग देवापाशी न्हाई तर काय चुलीपाशी ठेवू?" मोबाईलातली क्रिप्टो नाणी हायेत गं बाई, आणि ते बारा इंग्रजी शब्द म्हणजे त्याची किल्ली. माझा फोन गेला तर तेवढंच उरतं. बँक न्हाई, मॅनेजर न्हाई, कुणाच्या पाया पडावं? बहीण रेखीच्या नर्सिंगची फी हाय त्याच्यात. लातूरला जानेवारीत भरायची.

७ डिसेंबर
बहीण माझी शहाणी. म्हणली, स्टीलवर कोरू. देगलूरचा भांडेवाला शब्द कोरता कोरता वाचल, म्हणून घरीच. मी मस्कतातल्या खोलीच्या गच्चीवरून फोनवर एकेक अक्षर सांगितलं, रेखीनं कंपासच्या टोकानं ताटाच्या बुडावर ओढलं. फोटो काढायचा न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई. मी इथं लिहून ठेवलं न्हाई. खोलीत आठ जण, कुणाचीबी पेटी कुणीबी उघडतं.

१९ डिसेंबर
येळवस, शेतात पूजा-जेवणाची अमावास्या. घरचे सगळे शेतात, मी मस्कतात प्लास्टर करून राहिलो. रेखीनं फोनवर भज्जी दाखवली, आंबील दाखवली. आई म्हणे, तुझ्या वाट्याचं कडब्याच्या कोपीपाशी काढून ठेवलंय. मग नेटवर्क गेलं. बरंच झालं.

२२ डिसेंबर
फोन पाण्याच्या टाकीत. मेला.
खोलीतल्या खाजाभाईच्या फोनवरून घरी लावला. रेखे, ताट काढ. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग आई.
"ते ताट व्हय... वर्षासंगं गेलं."
वर्षा चुलतबहीण, देवणीला दिलेली. येळवसला नवऱ्याला घेऊन आलती. आईनं ताटभर उंडे-धपाटे बांधून दिले.
"जावयाला काय पिशवीत देऊ?"
वर म्हणती, "काळजी करू नको. वर्षाला बजावलंय मी, ताटाच्या बुडाला बघू नको म्हणून."
खाजाभाई हसून लोळले. म्हणे, "अम्मा तो ताले का पता बी बोल दी." मलाबी हसू आलं.

२४ डिसेंबर
वर्षा म्हणे फोनवर वाचून दाखवते. नको म्हणलं. तिच्या घरात दहा माणसं, दीर मोबाईलच्या दुकानात. पोरगा वाईट न्हाई, पण. रेखी रविवारी एसटीनं जाईल.
"तवर ताट वापरू नको गं."
"न्हाई वापरत. घासून पालथं घातलंय."
"तारेनं घासलं?"
"मग कशानं? तेलकट होतं की."
अक्षरं हायेत का विचारलं. म्हणे, काकूनं बघू नको सांगितलंय.

२६ डिसेंबर
आई दोन दिस नीट जेवली न्हाई, रेखी सांगत होती. आईला म्हणलं, ताट गेलं तर गेलं, तू भाकर खा. तर मला विचारती, तू काय खाल्लं?
रविवारी काय दिसंल ते दिसंल. फीची तारीख काय थांबत न्हाई. पगार झाला, खाण्यापुरतं ठेवलं. बाकी फीसाठी रेखीच्या खात्यावर धाडले, साध्या बँकेतून, अठरा हजार पाचशे रुपये.