मशीनची खांदेमळणी

देवळी
खांदेमळणीचा दिवस (उद्या पोळा), दुपार

तीर्थरूप नत्थूमामांच्या चरणी योगेंद्रचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला. उरलेला भेटीत घालीन.) तुमचा गुडघा कसा आहे? तळेगावचं पाणी मानवलं का? आम्ही इथे सर्व खुशाल, म्हणजे मी सोडून. तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि प्रेरणाताईला केला तर ती "बाबा झोपले" म्हणते, सकाळी दहालाही आणि दुपारी चारलाही. लेकीच्या घरी माणसाने इतकं झोपू नये. आज गल्लीतला प्रफुल तळेगावला चालला आहे, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतो. पत्रास कारण असं काही नाही. सहजच लिहितो आहे.

तुम्ही गेल्यावर मशीन पुरं झालं, एवढं कळवायचं होतं. आपलं बिनसलं कशावरून, ते तुम्हाला आठवत असेलच (मला रोज आठवतं). लहानपणी तान्ह्या पोळ्यात मी तुमच्या हातच्या लाकडी नंदीची दोरी धरून मिरवलो. यंदा माझ्या आचलला पहिल्यांदा स्वतःचा नंदी हवा होता, आणि माझ्या डोक्यात आलं की कोरीव काम करणारं सीएनसी मशीनच घरी बनवू. कॉम्प्युटरला चित्र द्यायचं, बटण दाबायचं, की सागाच्या ठोकळ्यातून नंदी बाहेर. तुम्ही मशीनच्या चौकटीचा काटकोन गुण्या लावून पाहिलात आणि म्हणालात, "दोन सूत फरक हाय, पोरा. आधी हे काढ." मी म्हटलं, तो फरक कॉम्प्युटर सांभाळून घेईल, गुण्याचे दिवस गेले आता. तुम्ही गुण्या धोतराच्या सोग्याने पुसून पिशवीत टाकलात आणि सकाळच्या बसने निघून गेलात. मला वाटलं, म्हाताऱ्याला राग फार. (वाटलं होतं, बोललो नव्हतो. आता लिहिलंच आहे तर असू द्या.)

आता पुढची कथा ऐका. चौकट सरकवायला दोन बाजूंना दोन मोटारी आहेत. त्यातली एक मी उलटी जोडली. वीस वर्षं देवळीत जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देतो, दुकानाच्या पाटीवर मोटारीचं चित्र आहे, आणि घरच्या मशीनची एक मोटर वर्ध्याकडे ओढते, दुसरी पुलगावकडे. मधली पट्टी कडाकड वाजली तेव्हा लीलाबाई शेजारून धावत आली, गॅसचा स्फोट झाला समजून. ते निस्तरलं, तर किती खोल कोरायचं तो आकडा उलटा पडला. पहिल्या नंदीला वशिंड यायचं तिथे खड्डा आला. बाकी बैल इतका देखणा, पण पाठीत वाटी. आई त्यात मीठ ठेवते. दुसऱ्या नंदीच्या वेळी मध्येच वीज गेली. ती आल्यावर मशीनला वाटलं आपण अजून शेपटापाशीच आहोत, आणि त्याने शिंग पोटातून काढलं. तुमची सून जया म्हणाली, आता यज्ञ करा. (लाकूड भरपूर झालं आहे, एवढाच त्याचा अर्थ.)

तिसऱ्या नंदीबद्दल लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. मशीन अर्धा बैल एका ठोकळ्यातून काढतं, अर्धा दुसऱ्यातून, मग दोन्ही चिकटवायचे. दोन्ही भाग सुरेख निघाले. जोडायला गेलो तर एकाचा कल पुढे, दुसऱ्याचा मागे, आणि दोन्ही नाकांत अंतर किती, तर बरोबर चार सूत, अर्धा इंच. म्हणजे दोन इकडचे, दोन तिकडचे. तुमचा गुण्या घरात नव्हता, म्हणून मी सुतळीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं. तुमचं बरोबर होतं, मामा. कॉम्प्युटर काही सांभाळून घेत नाही. तो माझी चूक जशीच्या तशी, फार मन लावून, कोरून देतो. हे कळायला मला तीन बैल लागले.

पंधरा दिवस खपून चौकट सरळ केली. आज सकाळी शेवटचा सागाचा ठोकळा बसवला, बटण दाबणार, तेवढ्यात आई वाटीत लोणी-हळद घेऊन आली आणि मोटारीवरून फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याला दोन्ही हातांनी चोळायला लागली. मी ओरडलो तर म्हणते, "बैलाचे खांदे मळतो न आपण, मंग याचे काऊन नाई? हा बी तं चार महिन्यांपासून राबूनच राह्यला." मग मोटारीपाशी वाकून, बैलाच्या कानात सांगतात तसं हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पट्टा पुसला, पण दात्यांतलं लोणी निघेना, त्यात भुसा बसला, आणि पट्टा दर वितीला एक दात सोडून पळायला लागला. या नंदीला तीन नाकं आहेत, एकामागे एक. परवा तान्हा पोळा. आचलने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं आहे की माझा नंदी सगळ्यांत भारी. मघापासून दोरीला लाल-पिवळे गोंडे बांधते आहे आणि विचारते, "बाबा, नंदी केव्हा निघन?" मला तिच्याकडे बघवत नाही.

असो. बाकी ठीक. कळावे, लोभ होता तेवढा परत असावा.

तुमचा भाचा,
योगेंद्र

ता.क. सहजच लिहिलं म्हटलं, ते खोटं. ठोकळे संपले, पण सागाचा एक बुंधा उरला आहे. पटाशी, रंधा आणि गुण्या घेऊन उद्याच या. मी बाजूला बसून पाहीन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.

ता.क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. बैलांचे खांदे संध्याकाळी मळतात, मग मशीनचे सकाळीच का, आणि एवढं मोठं मशीन सोडून लोणी नेमकं पट्ट्यालाच का, असं विचारलं. "मले काय समजते मशीनमधलं," म्हणाली. पुरणाची डाळ मात्र तिने कालच एका माणसाची जास्त निवडून ठेवली आहे, आणि खुंटीवरची तुमची टोपी धुतली आहे. तुम्हाला तिच्याकडून एवढंच लिहायला सांगते: "नत्थू, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी म्हटलं, आई, हे तर बैलाला म्हणतात. ती म्हणाली, "मंग? लिही न तसंच."