ओळीतला श्वास

३ मार्च

चि. तुणतुण्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी रेकॉर्ड पोचली. पार्सलवर ‘जपून’ असं लिहिलेलं, म्हणून ह्यांनी ते तान्हं पोर आणावं तसं घरी आणलं. आपल्याकडे रेकॉर्ड वाजवायला काही नाही, हे एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या डोक्यात आलं नाही ना? शेवटी एसटी डेपोच्या कॅन्टीनवाल्याच्या यंत्रावर लावली. वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक हात पुसत गोळा झाले. माझी घोषणेची खोली पाच मिनिटं दुसऱ्या बाईवर सोपवून मीही गेले.

वेष्टनावरची गोष्ट ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. नदीवर पूल होणार, लाँच बंद पडणार आणि धक्क्यावर तिकिटं विकणारी बाई शेवटच्या फेरीला निघणार. नाटक अजून कुठे उभंच नाही आणि त्यातली गाणी आधी बाजारात! कॅन्टीनवाला म्हणाला, गाडी लागायच्या आधीच उतारू मोजल्यासारखं झालं हे. मी सांगितलं, बाबा रे, एकही थिएटरवाला त्याला दारात उभा करेना, म्हणून त्याने ठरवलं, की लोकांना नाटक आधी कानांनी दाखवायचं. आवडलं तर थिएटरवाले आपणहून येतील.

माझा आवाज आला तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ही माणसं किती वर्षं माझा आवाज ऐकतायत, पण तो ‘फलाट क्रमांक चार’ म्हणणारा. एक जण म्हणाला, बाई, तुम्ही आम्हाला फसवलंत. मला हसू आलं आणि मग उगाच रडूही आलं.

आता ती ओळ. ‘शेवटच्या फेरीत माझ्यासाठी एक जागा राहू दे.’ तू पुन्हा पुन्हा म्हणायला लावलीस आणि मी दर वेळी ‘एक’ म्हणून श्वास घेतला. स्टुडिओची वेळ संपली, तू कपाळाला हात लावलास आणि तसंच ठेवलंस. ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना मात्र तेच आवडलं. नवऱ्याचं काय मनावर घ्यायचं!

नाटक उभं राहील तेव्हा ती ओळ एका दमात म्हणून दाखवते की नाही बघ. एकदा तरी दिव्यांच्या उजेडात उभं राहून गायचं, हे माझं खूळ तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू शब्द दिला आहेस. मी तो विसरणारी नाही.

वेळेवर जेव. माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझी ताई


२० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

थिएटर मिळालं! मागच्या वर्षी ज्या मालकाने मला दारातूनच वाटेला लावलं होतं, त्यानेच बोलावून खुर्ची दिली आणि चहा पाजला. रेडिओवर तुझं गाणं रोज लागतं. माझ्या खोलीखालचा इस्त्रीवाला दिवसभर तेच म्हणतो. ‘एक’ म्हटलं की इस्त्री उचलतो, पोटभर श्वास घेतो, इस्त्री टेकवतो आणि मग ‘जागा राहू दे’. काल न राहवून खाली गेलो आणि त्याला म्हटलं, अहो, तिथे थांबायचं नाही, ती गाणारीची चूक आहे. तो म्हणाला, साहेब, शर्ट ठेवा आणि जा, गाण्यातलं तुम्हाला काही कळत नाही.

तर तुझ्या चुकीने माझी अशी शोभा केली आहे. तालमी एक जुलैपासून. दिग्दर्शकाला शिकलेली गायिका हवी होती. मी टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं, की माझी बहीण नसेल तर गाणीही नाहीत. तुझ्यासाठी थिएटरमागेच खोली पाहिली आहे, खिडकी मोठी आहे. जिने तेवढे दोन आहेत, पण तू काही म्हातारी झालेली नाहीस.

दाजींना नमस्कार. तुझ्या होकाराची वाट पाहत नाही, तो मी धरूनच चाललो आहे.

तुझा लाडका,
तुणतुण्या


४ जून

चि. तुणतुण्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! ह्यांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पेढे... नव्हे, बातमी वाटली. पेढे आणायचं मी सांगितलं होतं, ते विसरले.

पण माझं येणं जमेल असं दिसत नाही रे. डेपोत माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही. साहेबांना विचारून पाहिलं, त्यांनी वरही पाहिलं नाही. शिवाय मी आरशात बघितलं. तिकिटं विकणारी बाई चांगली चटपटीत हवी, माझ्यासारखी पसरलेली नको. रेकॉर्डमध्ये तोंड दिसत नाही हीच तर गंमत आहे. तू त्या दिग्दर्शकाचं ऐक आणि एखादी शिकलेली मुलगी घे. मला राग नाही. वाईट वाटतंय, ते लपवत नाही, पण राग नाही.

कपडे त्या इस्त्रीवाल्याकडेच टाकत जा. गुणी माणूस दिसतो.

तुझीच,
ताई


११ जून

ती. ताईस नमस्कार.

रजा मिळत नाही, हे कारण तू मला सांगतेस? त्या साहेबाच्या मुलीच्या लग्नात तू दिवसभर राबली होतीस. सरळ सांग ना, की भीती वाटते. नाहीतर माझं नाटक पडेल असं वाटत असेल.

मी सगळ्यांशी भांडून तुझी जागा राखली आणि तू ती चार ओळींत सोडून दिलीस. ठीक आहे. दुसरी मुलगी घेतो. निदान ती ओळ तरी एका दमात ऐकायला मिळेल.

कळावे.


२२ जून

चि. तुणतुण्यास आशीर्वाद. (हे नाव हिने ठेवलेलं, मीही तेच चालवतो.)

मला पाना धरायची सवय, पेन हातात ठरत नाही. तेव्हा सांभाळून घे. तुझं पत्र हिने मला वाचायला दिलं आणि म्हणाली, बघा, किती रागावलाय, आता बरोबर दुसरी मुलगी शोधेल. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तुझा राग मला समजतो, पण तो चुकीच्या फलाटावर उभा आहे.

हिची फुप्फुसं गेली आहेत. एप्रिलमध्ये डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवलं. औषधाने त्रास कमी होईल म्हणतो, पण गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही हळूहळू जाणार. तू रेकॉर्डिंगला बोलावलंस तेव्हाच स्टुडिओचा जिना चढताना ती मध्ये बसली होती. तुला म्हणाली, चपलेचा पट्टा तुटलाय. पट्टा धड होता. ती ओळ तिला तोडायची नव्हती रे, तिच्यात तेवढी हवाच नव्हती.

रजेचं खोटं आहे. घोषणेचं कामच तिने सोडलं. शेवटी शेवटी ती गावाचं नाव सांगून थांबायची, मग फलाट सांगायची. उतारूंना वाटायचं, बाई किती नीट समजावून सांगतात. आता ती पासच्या खिडकीत बसते. मी गाडीखाली आडवा असतो आणि वरून भलताच आवाज येतो. लग्नाआधी मी असाच गाडीखालून तिचा आवाज ऐकत होतो, तोंड कितीतरी नंतर पाहिलं. आता काम करताना कान कुठे ठेवावेत कळत नाही.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. तिचं म्हणणं, त्याला कळलं तर नाटक टाकून इथे येऊन बसेल आणि त्याच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडेल. मी शपथ मोडली. तुला कळलंय हे मात्र दाखवू नकोस. तिला भांडण चालतं, कीव चालत नाही.

तुझा दाजी


१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. उकाड्याने माझं डोकं फिरलं होतं. तुझं म्हणणं पटलं. मुलगी मिळाली आहे. एवढीशी आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात. रेकॉर्ड ऐकून ऐकूनच शिकलेली, त्यामुळे आज पहिल्याच तालमीत ती ‘एक’ म्हणून थांबली आणि हुबेहूब तुझ्यासारखा श्वास घेतला. दिग्दर्शक ओरडला, की ओळ सलग आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, सलग आहे ना? मी म्हटलं, हो, सलग आहे. तेवढ्यात मला ठसका लागला म्हणून मी बाहेर गेलो.

माझं गिटार बिघडलंय. चांगला कारागीर तुमच्या गावातच आहे, म्हणून रविवारी येतो आहे. तू उगाच धावपळ करू नकोस. पाणी दाजी भरतील. जड काही उचलू नकोस. तुझ्या ह्या बावळट भावाचा तुझ्यावर फार जीव आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
तुणतुण्या


१८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल पडदा उघडला. तुझी तार मी खिशात ठेवली होती. आता जे झालं ते सगळं सांगतो.

थिएटर भरलं होतं. पहिल्या गाण्यापासून लोक हळू आवाजात बरोबर म्हणत होते. कुणी नाटक पाहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. तिसऱ्या अंकात धक्का रिकामा झाला, दिवे मंद झाले आणि चिमणी तुझ्या गाण्याला उभी राहिली. मी वादकांच्या समोर होतो, माझी पाठ लोकांकडे. चिमणी ओळीवर आली. ‘शेवटच्या फेरीत माझ्यासाठी एक जागा राहू दे’ तिने अगदी सलग म्हटलं, जसं मी कागदावर लिहिलं होतं तसं.

आणि ‘एक’ नंतर माझ्या पाठीमागे सगळ्या थिएटरने श्वास घेतला.

मी तो ऐकला, ताई. एवढ्या माणसांनी एकदम घेतलेला श्वास मी जन्मात कधी ऐकला नव्हता. चिमणी पुढे निघून गेली होती आणि लोक तुझ्यापाशी थांबले होते. ती दचकली, माझ्याकडे बघायला लागली. माझा हात वरच राहिला. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच, शेवटी पुन्हा तेच. कुणी ठरवलेलं नव्हतं. पडदा पडल्यावर दिग्दर्शक मला विचारायला आला, की हा काय प्रकार आहे, आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, नाटक पडलं म्हणून रडतो आहे.

दुपारी मी चिमणीला बसवून सांगणार आहे, की उद्यापासून तू तिथे श्वास घे. कागदावर मी तशी खूण केली आहे. मी इतके महिने त्या जागेला चूक म्हणत होतो. तू आलीस की तुला पहिल्या रांगेत बसवीन. येशील ना?

तुझा,
तुणतुण्या


२७ ऑक्टोबर

चि. तुणतुण्यास खूप खूप आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि हे लिहीत आहेत. तेव्हा अक्षर वाईट दिसलं तर बोल ह्यांना लाव.

तुला सगळं ठाऊक आहे, हे मला जुलैपासूनच ठाऊक आहे. तू एकदम गोड बोलायला लागलास. तू जन्मात माझ्याशी इतका गोड बोलला नव्हतास. आणि दर रविवारी बिघडणारं गिटार! अरे, त्या कारागिराचं दुकान मागच्या वर्षीच बंद झालं. मी ह्यांच्यावर दोन दिवस रुसले होते. पण तू येत होतास ते बरं वाटायचं, म्हणून गप्प बसले. आता नाटक नीट उभं राहिलं, आता लपवाछपवी पुरे.

मला येता येणार नाही. खाटेवरून खिडकीपर्यंत जायचं तरी मध्ये खुर्ची ठेवावी लागते. दिव्यांच्या उजेडात उभं राहायचं माझं राहिलं. राहिलं ते राहिलंच, त्याचं दुःख आहे आणि ते तुझ्यापासून आता का लपवू?

पण तुझं पत्र ह्यांनी वाचलं तेव्हा त्या श्वासापाशी मी ह्यांना थांबवलं. मी पुन्हा वाचायला लावलं. संध्याकाळी परत लावलं. एरवी हल्ली मला एकेका श्वासासाठी उठून बसावं लागतं. मी डोळे मिटून मनात ते थिएटर आणलं, अंधारातली ती सगळी माणसं आणली, आणि ‘एक’पाशी येऊन त्यांच्याबरोबर थांबले. त्या रात्री मला झोप लागली.

चिमणीला तिथे थांबवू नकोस. कागदावरची ती खूण पुसून टाक. तिची छाती धड आहे, तिला ओळ सलग म्हणू दे. मला तशीच म्हणायची होती. गायला माझ्या जागी ती आहे, आणि माझ्या वाटचा श्वास घ्यायला एवढी माणसं आहेत.

रविवारी ये. गिटार आणायची गरज नाही. आजवर केलीस तशीच माया माझ्यामागे ह्यांच्यावर कर.

तुझी,
ताई