बाबांची डावी बाजू

प्रिय तंत्रज्ञ बंधुराज,

तू बाबांच्या वाढदिवसाला पाठवलेलं यंत्र अगदी जोरात चालू आहे. ते दिवे लावलेली टोपी चढवतात, समोरचा कॅमेरा त्यांची मान टिपतो आणि मान वळेल तिकडे कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात पडद्यावर विमानाबाहेरचं दृश्य फिरतं. घरबसल्या माणसाला वैमानिक केलंस, उपकार झाले. तुला स्वतःला यायला जमलं नाही, पण कुरिअरवाला मात्र वेळेवर आला. आईने त्यालाच चहा पाजला.

मग डावीकडचं दिसेना. उजवीकडे पार विमानाच्या शेपटापर्यंत दिसायचं, डावीकडे पंखाच्या अलीकडेच दृश्य अडायचं. तू फोनवरून आम्हाला कामाला जुंपलंस. खिडकीचा पडदा ओढा, कॅमेऱ्यावर ऊन येतंय. चष्मा काढा, काच चमकतेय. टोपी सरळ करा, समोर बघा, सेंटरचं बटण दाबा. आई पडदा धरून उभी, मी स्टुलावर, आणि बाबा टोपी घालून नवरदेवासारखे बसलेले. मी तेव्हाच म्हटलं होतं की यंत्राला काही झालेलं नाही, बाबांची मानच तिकडे वळत नाहीये. शर्टाची बटणंही हल्ली आई लावते. तू हसलास आणि म्हणालास, ताई, तुला यातलं काय कळतंय? मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तू मात्र तिकडे बसल्या बसल्या आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलास आणि फक्त डावीकडे दृश्य फिरण्याचा वेग वाढवून ठेवलास. आता बाबांनी मान जराशी हलवली की पडद्यावर थेट शेपूट! केवढी ही हुशारी. बाबा घरभर सांगत सुटले की लेकाने मान मोकळी केली. मी मिनतवाऱ्या करून डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती त्यांनी परस्पर रद्द करून टाकली.

वळण्याआधी मान वळवून बघा, असं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांच्या कानीकपाळी ओरडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या बाबांनी परवा गाडी काढली. कोपऱ्यावर डावीकडून येणारी सायकलवाली बाई त्यांना दिसलीच नाही. तिचा पाय मोडला. बिचारीने एका शब्दाने दोष दिला नाही. बाबांचं म्हणणं, तीच कुठून तरी उपटली. मी दवाखान्यात तिच्याकडे मान वर करून बघू शकले नाही.

अपघातानंतर मी बाबांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणतात, मानेत नस दबली आहे. डावा हात बधिर होत चाललाय. ऑपरेशन लवकर झालं नाही तर तो कायमचा जाईल. बाबा ऐकायलाच तयार नाहीत. मला पडद्यासमोर उभं करतात, टोपी घालतात आणि शेपूट दाखवून म्हणतात, बघ, कुठे काय झालंय मानेला? मी सेटिंग पहिल्यासारखं केलं, तर म्हणाले, तू बिघडवलंस, त्याला फोन लाव. इतकी वर्षं औषधं मी देते आणि विश्वास तुझ्यावर! संताप संताप होतो माझा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लिहितेय. पुन्हा तिकडूनच काही फिरवून मोकळा होऊ नकोस. तू ये. बाबांच्या शेजारी बस, त्यांच्या देखत ती डावी बाजू होती तशी करून टाक, आणि मग तूच त्यांना सांग की बाबा, आता डावीकडे बघा.

तुझं तोंड बघायची इच्छा नसलेली, तरीही वाट बघणारी तुझीच,
ताई