हितेंद्रच्या नाकावर टिच्चून केळीचं ॲप

२ फेब्रुवारी, सोमवार. जळगाव. सकाळी ९:४०

...आणि तो डायलॉग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. धुळ्याच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, टीम लीड हितेंद्र म्हणाला, "प्रशील, वेबसाइटला शर्ट घातला म्हणून ती ॲप होत नाही." सगळे हसले. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. आता बदला.

प्लॅन: रावेरच्या निंबा नानांच्या गटाला ॲप हवंय. साठ केळीवाले शेतकरी. बाग कापायला आली की ॲपवर टाकायचं, व्यापारी ट्रक पाठवणार. पंधरा तारखेला डेमो. हितेंद्रपण येतोय, कंपनीचं ॲप घेऊन. मी वेब फ्रेमवर्कमध्येच लिहिणार, म्हणजे वेबसाइट बनते त्याच कोडमध्ये. एकाच कोडमधून अँड्रॉइड, आयफोन दोन्ही. सहा दिवस पुरे.

३ फेब्रुवारी

आयकॉन. केळं पिवळं की हिरवं? दिवस गेला. पण ब्रँडिंग इम्पॉर्टंट.

५ फेब्रुवारी. दुपार

फोनमध्ये ॲप चालू!!! ट्रिक सोपी: ॲप आपली पानं माझ्या लॅपटॉपकडून मागतं, घरच्या वायफायवरून. कोड बदलला की फोनवर लगेच दिसतं. कोडमधली ती लॅपटॉपच्या पत्त्याची एक ओळ डेमोआधी काढून टाकायची. दोन मिनिटांचं काम.

मृणालीने (बहीण, बारावी, अतिशहाणी) विचारलं, दादा, केळीच्या बागेत गेलायस का कधी? म्हटलं, रिसर्च नेटवर होतो.

९ फेब्रुवारी

ॲप उघडताना केळं गोल फिरतं. ते स्मूथ करण्यात तीन दिवस. हितेंद्रचा चेहरा आठवला की एनर्जी येते.

जिंकल्यावरचं भाषण लिहिलं. शेवटी त्याला नाव घेऊन माफ केलं होतं. मग वाटलं, एवढ्यात माफी नको. खोडलं.

१२ फेब्रुवारी

मेन फॉर्म एका तासात उरकला. नाव, गाव, किती डझन, सबमिट. आईला दाखवला. म्हणाली, छान आहे, जेवून घे.

१५ फेब्रुवारी, रविवार. रावेरहून परत येताना, एसटीत

पॅकिंग शेड. साठ माणसं. मी ॲप उघडलं. पांढरी स्क्रीन. केळंसुद्धा फिरेना.

ती ओळ काढायची राहिली. फोन रावेरला, वायफाय जळगावला.

नाना म्हणाले, "भो, हे तं कोरं पान दिसू राह्यलं." बेबाबाई, गटात सगळ्यात मोठी बाग त्यांची, म्हणाल्या, "पोराले पाणी द्या आधी."

मग हितेंद्र उठला. माझा लॅपटॉप घेतला, ओळ काढली, सात मिनिटांत ॲप फोनवर चालू करून दिलं. मुद्दाम! चारचौघांत चांगला वागला. इतका खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं.

नानांनी फॉर्म मोठ्याने वाचला. "किती डझन?" मग बेबाबाई, "मोजा नाना, मोजा! एक ट्रक मोजेपर्यंत बठ्ठी केळी पिकून जाईन." लोक डोळे पुसत हसत होते.

मला काय माहीत? आई बाजारात डझननेच घेते. हितेंद्रच्या ॲपमध्ये क्विंटल होतं. त्याचं आजोळ रावेर. अनफेअर ॲडव्हान्टेज.

निघताना त्याला शर्टचं बोललो. तो म्हणाला, "मी म्हटलं असं? असेल यार. सॉरी." आठवत नाही म्हणे! नाटकी.

भाषण खिशातच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नानांचा फोन. हितेंद्रचं ॲप घेतलं. मला म्हणाले, "तू नाराज नको होऊ भो, तुह्या आयकॉनचं केळं बाकी चांगलं होतं."

संध्याकाळी हितेंद्रचा फोन. आमचं ॲपपण वेब फ्रेमवर्कमध्येच आहे, म्हणाला. गेल्या महिन्यातच वळलो. आयफोनवर अडतंय, माणूस हवाय, येतोस का परत? मी विचार करून सांगतो म्हणणार होतो. तोंडातून "हो सर" गेलं.

मृणाली हे ऐकून अर्धा तास हसत होती. तिला स्ट्रॅटेजी कळत नाही. वेबमध्ये ॲप होतं, हे माझं तत्त्व. ते हितेंद्रने स्वतः साठ लोकांसमोर सिद्ध केलं. आणि सोमवारपासून रोज सकाळी दहाला त्याच्यापुढे उभं राहून मी काल काय केलं ते सांगायचं. म्हणजे रोज सकाळी त्याला माझं तोंड बघावं लागणार.

तूच सांग डायरी, हा बदलाच झाला ना?