उजव्या हाताची वही

सोमवार, ३ तारीख

आणि वर वकील मलाच सांगतो, मावशी, थोडक्यात बोला! दुकानवाल्यांनी फरशी ओली ठेवली, पाटी लावली नाही, घसरले मी, उजवं मनगट मोडलं माझं, इस्त्रीचं काम सुटलं माझं, आणि थोडक्यात पण मीच बोलायचं? तू तासभर फोनला चिकटला होतास, तेव्हा तुला कोणी म्हटलं थोडक्यात?

म्हणे रोज वहीत लिहा. कुठे दुखतं, किती दुखतं, एक ते दहा आकडा टाका. दुकान म्हणतंय हात कधीच बरा झाला. म्हणून केस आता या वहीवर उभी.

चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर माझं वळणदार. ही कच्ची वही, माझ्यापुरती. उद्यापासून पक्क्या वहीत उतरवणार. फक्त हाताचं. बाकी एक शब्द नाही.

दुखणं: सात.

मंगळवार, ४

हात दुखतो. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. हात कसा आहे विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत वर निघून गेली. मग विचारता कशाला? घरी आले, रागाच्या भरात कपाट एकटीने सरकवलं, मागची जळमटं काढली.

दुखणं: आठ. पक्क्या वहीत कपाट नको.

गुरुवार, ६

वकिलाकडे. वेळ चारची, दोनलाच गेले. हौस म्हणून नाही, बसचा भरवसा नसतो. बाहेर बाकावर मानेला पट्टा लावलेला एक माणूस. चहा आला की पट्टा काढतो, वकिलाचं दार करकरलं की चढवतो. मी म्हटलं, चहा पिताना मान दुखत नाही वाटतं? म्हणाला, ताई, चहा गरम असेपर्यंत नाही दुखत. हसले. बऱ्याच दिवसांनी.

वकिलाचंही बघितलं. डबा उघडा, घास हातात, आणि फोनवर कुणाच्या तरी मोडलेल्या पायाची चौकशी. दिवसभर लोकांना कुठे दुखतं विचारतो, याला कोण विचारतं? मी विचारलं. पाठ, म्हणाला. नीट ताठ बसा म्हणून दम देऊन आले. माझ्याशिवाय याचं कठीण आहे.

दुखणं: दोन.

रविवार, ९

पोरगा रविवारी फोन करतो, दहाला. कामात असेल. बारा वाजले. सासरचे आले असतील. तीनला फोन उचलून बघितला. चालू आहे. संध्याकाळी सगळे पडदे धुतले, पिळले, वाळत घातले.

मी काही वाट बघत नव्हते.

दुखणं: नऊ.

बुधवार, १२

पक्की वही आणली. पहिल्या पानावर नाव घातलं. उद्यापासून नक्की.

दुखणं: सहा.

रविवार, १६

फोन आला! म्हणाला, आई, पटकन बोल, गाडीत आहे. केसचं काय झालं विचारलं. हाताचं विचारणारच होता, तेवढ्यात सिग्नल सुटला.

दुखणं: नऊ. दहा लिहिणार होते, पण एक आकडा हाताशी असलेला बरा.

गुरुवार, २०

पक्की कोरीच राहिली. म्हटलं आपण काय खोटं लिहिलंय? कच्चीच दिली.

वकिलाने वाचली. चष्मा काढून डोळे चोळले. परत पहिल्यापासून वाचली. आधी कपाटावर बोट ठेवलं. मग पडद्यांवर. मग म्हणाला, मावशी, रविवारी नऊच का? रविवारी एवढं काय उचलता?

मी म्हटलं, फोन.

वहीचं पान उलटलं. मग हळूच म्हणाला, कपाटाचं एक वेळ सांभाळून घेऊ, पण हे अक्षर? उजवं मनगट वळत नाही असं आपण लिहून दिलंय, आणि पानंच्या पानं इतकी वळणदार. दुकानाचा वकील पहिलं हेच विचारणार, लिहिलं कोणी? तुम्ही सांगितलंत आणि घरातल्या कुणी लिहून घेतलं, असं असेल तर ठीक. नाहीतर दुकान देतंय ते घेऊन केस मिटवू. मग तुम्हाला दर गुरुवारी इथवर यायचा त्रास नको.

त्रास म्हणे!

वही परत घेऊन घरी आले, आठवून बघितलं, कोणी लिहून घेतलं का. दोन खोल्या. फार वेळ लागला नाही.

तर वकीलसाहेब, थोडक्यात लिहिते. केस मिटवायची नाही. हात दुखतो, लिहिताना जास्त दुखतो, हे लिहायचं राहिलं होतं. आणि माझ्या घरात माझं लिहून घ्यायला दुसरं कोण आहे, ते तुमचं तुम्ही शोधा आणि येत्या गुरुवारी, २७ तारखेला, चारच्या आत मला सांगा. मी दोनपासून बाकावर आहे.